केज्ड ग्लुटामेट पहिल्यांदा वापरताना: एका स्पाइनपर्यंत पोचण्याची वाट

मेंदूच्या जिवंत कापावर (स्लाइसवर) पॅच करणं, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून तिचा करंट मोजणं, हाताला बसलं की लॅब मीटिंगमध्ये कधीतरी तो प्रश्न येतोच: "अनकेजिंग करून बघितलंस का?" बघायला हरकत काहीच नाही. ग्लुटामेट हे चेतापेशींना चेतवणारं संदेशवाहक रसायन. त्याच्या रेणूवर एक रासायनिक टोपी बसवलेली असते, त्यामुळे रिसेप्टरला तो ओळखू येत नाही. योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला की ती टोपी मायक्रोसेकंदाच्याही आत सुटते आणि मोकळं झालेलं ग्लुटामेट शेजारच्या रिसेप्टरला जाऊन बसतं. हेच अनकेजिंग. शोधनिबंधात हा सगळा प्रकार दोन ओळींत उरकलेला असतो. त्या दोन ओळींमागची कामं मात्र कुठे लिहिलेली सापडत नाहीत. सिनिअर पोस्टडॉकला परदेशी गेले की ती माहितीही त्यांच्याबरोबर जाते.

प्रकाश टाकून करंट मिळवणं हे यातलं सोपं काम आहे. तो करंट ग्लुटामेटमुळेच आला, लेसरच्या चटक्याने किंवा संयुगाच्या दुसऱ्याच एखाद्या उपद्व्यापाने आला नाही, हे दाखवताना दमछाक होते. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरण म्हणून मी हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातली पिरॅमिडल पेशी, एमएनआय-ग्लुटामेट (केज्ड ग्लुटामेटचा एक प्रकार) आणि टू-फोटॉन लेसर (दोन फोटॉन एकदमच शोषले गेले तर काम होतं, म्हणून परिणाम फक्त फोकसपाशी) घेतो आहे. याचं कारण साधं आहे. २००१ साली जपानमधले मात्सुझाकी आणि कासाई, आणि अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एलिस-डेव्हिस यांनी याच जोडीने एकेका स्पाइनवरची (डेंड्राइटवरच्या, सिनॅप्स घेणाऱ्या छोट्या उंचवट्यावरची) संवेदनशीलता मोजून दाखवली, आणि तेव्हापासून हा प्रयोग या तंत्राचा पायाभूत धडा झाला आहे. कल्पना त्याहून जुनी आहे. कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केज्ड एटीपी बनवलं होतं, आणि विनफ्रिड डेंक यांनी १९९४ मध्ये टू-फोटॉनने केज्ड कार्बाकॉल मोकळं करून रिसेप्टरांचा नकाशा काढला होता. इतिहास इतका पुरे.

१. हे तंत्र तुम्हाला खरंच हवं आहे का?

तुमचा प्रश्न "या पेशीला कुठून कुठून इनपुट येतं?" असा असेल, तर टू-फोटॉनची गरज नाही. कॅलवे आणि कॅट्झ यांनी १९९३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, साध्या अतिनील प्रकाशाने केज्ड ग्लुटामेट मोकळं करून स्लाइसमधल्या निरनिराळ्या जागच्या पेशी पेटवायच्या आणि आपल्या पॅच केलेल्या पेशीत काय येतं ते बघायचं. आज त्यासाठी ३५५ नॅनोमीटरचा लेसर आणि मिलिमोलरच्या एका अंशाइतकं संयुग पुरतं.

एका विशिष्ट जातीच्या पेशींचे अ‍ॅक्सॉन चेतवायचे असतील तर ऑप्टोजेनेटिक्स (पेशींत प्रकाशसंवेदी प्रथिनं बसवून त्या प्रकाशाने चेतवणं) बरं. अनकेजिंगमध्ये प्रीसिनॅप्टिक (संदेश पाठवणारी) बाजू पूर्ण वगळली जाते, आणि तीच त्याची ताकद आहे. रिसेप्टर किती आहेत, स्पाइनच्या मानेतून कॅल्शियम किती बाहेर जातं, दोन शेजारच्या सिनॅप्सची बेरीज कशी होते, अशा प्रश्नांना ते शोभतं. "सिनॅप्टिक ट्रान्समिशन मोजलं" असं मात्र अनकेजिंगच्या जोरावर लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतो.

२. संयुग निवडणं

नवख्याने एमएनआय-ग्लुटामेटपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. ते पाण्यात सहज विरघळतं, अंधारात न्यूट्रल पीएचला टिकतं, आणि गेल्या वीस वर्षांत त्यावर इतकं काम झालं आहे की तुमचे आकडे कुणाशी तरी ताडून बघता येतात.

जुन्या निबंधांत सीएनबी-ग्लुटामेट दिसेल. ते एकाच फोटॉनच्या प्रकाशाला चांगला प्रतिसाद देतं, पण पाण्यात हळूहळू आपोआप तुटतं आणि मोकळं ग्लुटामेट बाथमध्ये सांडत राहतं. टू-फोटॉनसाठी ते जवळपास निरुपयोगी आहे.

रुबि-ग्लुटामेट दृश्य प्रकाशाला, ४५० नॅनोमीटरच्या आसपास, प्रतिसाद देतं आणि सुमारे ०.३ मिलिमोलरला काम करतं. संयुग वाचतं, पण खोलीतला प्रत्येक पांढरा दिवा तुमचा शत्रू होतो. सीडीएनआय-ग्लुटामेट एमएनआयपेक्षा बरंच कार्यक्षम आहे. २०१० मध्ये एलिस-डेव्हिस यांच्या गटाने आणि हैदराबादच्या आयआयसीटीशी जोडलेले रसायनशास्त्रज्ञ श्रीनिवास कंतेवारी यांनी ७२० नॅनोमीटरला ग्लुटामेट आणि ८३० नॅनोमीटरला गाबा (पेशींना शांत करणारं संदेशवाहक रसायन), असं एकाच पेशीवर दोन रंगांनी अनकेजिंग करून दाखवलं, त्यात हेच संयुग होतं. वाचायला सुंदर काम आहे, पण पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

३. कागदपत्रं आणि सामान

संयुग आयात होऊन येतं, त्यामुळे हे सगळं समांतर सुरू करा:

- संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी. फॉर्म बी मध्ये प्राण्याची जात, वय, संख्या, भूल देण्याची पद्धत आणि स्लाइस काढण्याचा उद्देश स्पष्ट हवा. पॅचिंगसाठी मिळालेल्या जुन्या मंजुरीत हे काम बसतं असं गृहीत धरू नका, समितीच्या सचिवांना विचारून घ्या.
- लेसर-सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याची नोंद, आणि तुमच्या तरंगलांबीला चालणारे गॉगल.
- पुरवठादाराचं कोटेशन, आणि त्याच बॅचचं विश्लेषण-प्रमाणपत्र. बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवा.
- टीटीएक्स (पेशींचे स्पाइक थांबवणारं विष), एनबीक्यूएक्स आणि एपीव्ही (ग्लुटामेटचे अनुक्रमे अ‍ॅम्पा आणि एनएमडीए रिसेप्टर अडवणारी). ही तीन औषधं संयुगाच्या आधी फ्रिजमध्ये हवीत, कारण यांच्याशिवाय कंट्रोल होत नाही.
- अंबर रंगाच्या मायक्रोट्यूब, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, दिवे झाकायला पिवळी फिल्म.
- पॉवर मीटर, फ्लुरोसंट मणी (०.१ ते ०.५ मायक्रोमीटर), आणि एक फ्लुरोसंट हायलायटर पेन. हो, स्टेशनरीच्या दुकानातलं. ते पुढे कामाला येईल.

टीटीएक्सला उतारा नाही. हातमोजे घाला, पावडर असलेली बाटली उघडताना पंखा बंद ठेवा, आणि ती कोणी, कधी, किती वापरली याची वेगळी नोंद ठेवा.

४. बाटली उघडताना

पहिला सापळा लेबलवर असतो. एमएनआय-ग्लुटामेट दोन रूपांत मिळतं. मूळ संयुगाचा रेणुभार ३२३.३ आहे. स्वस्तात मिळणारं रूप बहुतेकदा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लाबरोबरचं क्षार असतं आणि त्याचा रेणुभार ४३७.३ भरतो. १० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ५० मिलिमोलरचा स्टॉक करायचा तर पहिल्या रूपात सुमारे ६१८ मायक्रोलिटर पाणी लागेल, दुसऱ्यात सुमारे ४५७. चुकीचा आकडा धरला तर सगळ्या प्रयोगांत संहती पाऊणपटीच्या आसपास राहील आणि "आमच्याकडे पॉवर जास्त का लागते?" या प्रश्नावर महिने जातील. शिवाय क्षाररूप आम्लधर्मी असतं, म्हणून अंतिम द्रावणाचा पीएच मोजल्याशिवाय ते स्लाइसवर सोडू नका.

दुसरा सापळा आपल्या हवेतला. उणे २० अंशांवरून काढलेली बाटली मुंबई-पुण्याच्या जुलैत लगेच उघडली तर आत दव धरतं. बंद बाटली डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. आणि त्यातलं थोडं वजन करून काढण्याच्या भानगडीत पडू नका. इतक्या कमी पावडरीचं वजन विश्वासार्ह होत नाही. पूर्ण बाटलीच विरघळवा, एका दिवसाला पुरेल इतक्या मापाच्या अ‍ॅलिकॉट करा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि परत उणे २० ला ठेवा. एकदा वितळलेली अ‍ॅलिकॉट पुन्हा गोठवायची नाही.

५. खोलीतला उजेड

एमएनआय अतिनील प्रकाश शोषतं. त्याचं शोषण ३४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि शेपूट ४०० च्या पुढे जातं. जुन्या ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याच्या रेषा नेमक्या ३६५ आणि ४०५ वर पडतात. म्हणून ट्यूब बंद करा किंवा पिवळ्या फिल्मने झाका. खिडकीचंही तेच. साधा पांढरा एलईडी दिवा एमएनआयला फारसा त्रास देत नाही, कारण त्याचा निळा भाग ४५० च्या आसपास असतो. रुबि संयुगांना मात्र तोच दिवा पुरतो, आणि कॉम्प्युटरचा मॉनिटरसुद्धा. तिथे लाल दिव्याखेरीज गत्यंतर नाही.

सूक्ष्मदर्शकातला उजेड लोक विसरतात. पेशी शोधताना इन्फ्रारेड फिल्टर लावलेला प्रकाश ठेवा. पाऱ्याच्या दिव्यावर अतिनील फिल्टर-क्यूब चुकून फिरला तर ऑब्जेक्टिव्हखालचं सगळं संयुग एका क्षणात मोकळं होईल आणि पेशी तुमच्या डोळ्यांदेखत फुगेल. त्या क्यूबवर चिकटपट्टी लावून "हात लावू नये" असं लिहिलेलं बरं.

६. रिग: दोन झोत एका जागी आणणं

चित्र घ्यायला एक लेसर आणि अनकेजिंगला दुसरा, ही सोयीची मांडणी. अनकेजिंगचा लेसर ७२० नॅनोमीटरला. चित्रासाठी पिपेटमध्ये अलेक्सा ५९४ (चमकणारा रंग) भरून ८१० च्या वर, किंवा पेशीत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल तर ९०० च्या वर. चित्राची तरंगलांबी खाली ओढू नका. ती ७२० च्या जवळ गेली की चित्र घेतानाच ग्लुटामेट सुटायला लागतं, आणि तुमचा "आधीचा" फोटो आधीचा राहत नाही.

७२० नॅनोमीटरचा झोत डोळ्याला मंद लालसर दिसतो, म्हणून तो दुबळा वाटतो. तो चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गाचा लेसर आहे. गॉगल काढून आरशात डोकावण्याची हौस करू नका.

दोन्ही झोत एकाच बिंदूवर पडतात का, हे रोज सकाळी तपासा. मण्यांची स्लाइड घ्या, एकच मणी दोन्ही लेसरांनी चित्रित करा आणि केंद्रातला फरक मोजा. स्पाइनचं डोकं एका मायक्रोमीटरहूनही लहान असतं, त्यामुळे अर्ध्या मायक्रोमीटरचा फरकही माफ नाही. खोलीचा एसी रात्री बंद ठेवण्याची पद्धत असेल तर सकाळी हा फरक हमखास वाढलेला दिसेल. एसी चालू ठेवण्यासाठी प्रशासनाशी भांडायची वेळ आली तर भांडा. तितकं ते महत्त्वाचं आहे.

आता तो हायलायटर. काचेच्या स्लाइडवर त्याचा पातळ थर द्या, वाळू द्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक बिंदू निवडून अनकेजिंगचा पल्स मारा. तिथे रंग उडून काळा ठिपका दिसेल. तो तुम्ही निवडलेल्या जागीच पडला तर सॉफ्टवेअर, गॅल्व्हो आरसे (झोत फिरवणारे) आणि लेसर एकमेकांशी जुळलेले आहेत. मधला बिंदू जुळला म्हणून खूश होऊ नका, चारही कोपरे तपासा.

पॉवर नेहमी ऑब्जेक्टिव्हच्या पुढे मोजायची. पाण्यात बुडवायच्या ऑब्जेक्टिव्हखाली पाण्याचा थेंब न ठेवता मोजलं तर बाहेरच्या कडेचे किरण सेन्सरपर्यंत नीट पोचत नाहीत आणि आकडा कमी येतो. मग तुम्ही पॉवर वाढवता आणि पेशी भाजता. पॉकेल्स सेलचं (लेसरची पॉवर झटपट कमी-जास्त करणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशनही ७२० साठी वेगळं करा, चित्राच्या तरंगलांबीचं चालत नाही. "बंद" असताना किती प्रकाश गळतो, तेही मोजून ठेवा.

७. द्रावण आणि ते फिरवणं

नेहमीचं एसीएसएफ (मेंदूभोवतीच्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) घ्या. मिलिमोलरमध्ये आकडे असे: सोडियम क्लोराइड १२५, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, सोडियम बायकार्बोनेट २५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज २५. ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आधी सोडा, कॅल्शियम नंतर घाला, नाहीतर द्रावण दुधाळ होतं.

संयुग पोचवायच्या दोन रीती आहेत. एक, १० मिलिलिटरच्या आसपास द्रावणात २.५ ते ५ मिलिमोलर संयुग घालून तेच द्रावण पंपाने गोल फिरवत ठेवायचं. दुसरी, रुंद तोंडाच्या काचेच्या पिपेटमधून १० मिलिमोलरचं द्रावण स्लाइसच्या पृष्ठभागावर हलक्या दाबाने सोडायचं.

पहिल्या रीतीत संहती सगळीकडे सारखी असते. कोरड्या वायूचे बुडबुडे मात्र पाणी उडवून नेतात आणि इतक्या लहान आकारमानात तासा-दोन तासांत ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण संहती) चढते. वायू आधी पाण्याच्या बाटलीतून काढून ओला करा, आणि प्रयोगाच्या शेवटी ऑस्मोमीटरवर एकदा आकडा बघा. पाण्यातला ५० मिलिमोलर स्टॉक घातल्यावर एसीएसएफ ५ ते १० टक्के पातळ होतं हेही लक्षात ठेवा. घातलेल्या स्टॉकच्या एक-नवमांश आकारमानाचं दहापट तीव्र एसीएसएफ घालून ते भरून काढा.

दुसऱ्या रीतीत संयुग वाचतं. पिपेटमध्ये बुडबुडे सोडता येत नाहीत, म्हणून तिथे हेपेस बफर वापरतात. दाब जरासा जास्त झाला की डेंड्राइट हलतो आणि तुमचा नेम चुकतो. संहती नेमकी किती पोचली तेही ठामपणे सांगता येत नाही. नवख्याने पहिल्या रीतीने शिकावं. खर्चाने पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) कपाळावर आठ्या पडतील, पण आकड्यांवर विश्वास बसेल.

८. पेशी आणि स्पाइन निवडणं

स्लाइस ३०० मायक्रोमीटरची पुरते. पेशी पृष्ठभागाच्या अगदी वरची नको, ती कापताना दुखावलेली असते, आणि फार खोलही नको. स्पाइन साधारण ५० मायक्रोमीटरच्या आत असावा, कारण खोलीबरोबर प्रकाश विखुरतो आणि तीच पॉवर खाली कमी पोचते.

पॅच झाल्यावर रंग पेशीत पसरायला वीसेक मिनिटं द्या. या वेळात सीरिज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यामधला रोध) बघत राहा.

स्पाइन निवडताना डेंड्राइटच्या बाजूला, चित्राच्या प्रतलात आडवा आलेला निवडा. ७२० नॅनोमीटरचा फोकस आडवा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत असतो, पण उभ्या दिशेने त्याच्या सुमारे चौपट लांब असतो. वर किंवा खाली तोंड केलेल्या स्पाइनवर नेम धरला तर डेंड्राइटवरचे रिसेप्टरही जागे होतात आणि मिळालेला करंट कुणाचा, ते सांगता येत नाही. शेजारी दुसरा स्पाइन चिकटून असेल तर तो स्पाइन सोडून द्या, कितीही देखणा असला तरी.

९. पहिला पल्स

पेशी उणे ६५ मिलिव्होल्टच्या आसपास धरा. लेसरचा बिंदू स्पाइनच्या डोक्यावर ठेवायचा नाही. डोक्याच्या टोकापासून साधारण अर्धा मायक्रोमीटर बाहेर, डेंड्राइटच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा. पल्स ०.५ ते १ मिलिसेकंद. पॉवर नमुन्यावर ५ मिलिवॅटपासून सुरू करा आणि हळूहळू चढवा. बऱ्याच रिगांवर २० च्या आतबाहेर काम होतं.

सुमारे १० पिकोअँपिअरचा करंट मिळाला की थांबा. तो नैसर्गिक मिनीच्या (एका सिनॅप्सवर आपोआप येणाऱ्या छोट्या करंटच्या) जवळचा आहे. चढण काही मिलिसेकंदांची असावी. करंट मोठा पण लोळत येत असेल, तर बिंदू स्पाइनपासून लांब आहे आणि तुम्ही आसपासच्या सगळ्या परिसराला ग्लुटामेट पाजता आहात. तिथे पॉवर वाढवू नका, बिंदू सरकवा. दोन पल्समध्ये काही सेकंद जाऊ द्या.

वेगवेगळ्या खोलीवरच्या स्पाइनांची तुलना करायची असेल, तर नुसती मिलिवॅट सारखी ठेवून चालत नाही. काही गट स्पाइनमधल्या रंगावर तोच पल्स मारून रंग किती उडाला ते बघतात, आणि तो ठरावीक प्रमाणात, म्हणजे ३० टक्क्यांच्या आसपास, उडेल अशी पॉवर प्रत्येक स्पाइनसाठी लावतात. ही युक्ती मला फार आवडते, कारण मोजमाप नेमकं त्या स्पाइनच्या जागी होतं.

१०. कंट्रोल, आणि इथे घाई नको

पहिलं: संयुग नाही, फक्त प्रकाश. तीच पेशी, तीच पॉवर, साधं एसीएसएफ. काहीही दिसता कामा नये. हा कंट्रोल संयुग सोडण्याच्या आधी करा. नंतर धुऊन करायचं ठरवलं तर संयुग पूर्ण गेलं की नाही यावर वाद होतो.

दुसरं: प्रकाश नाही, फक्त संयुग. अंधारात संयुग बाथमध्ये येऊ द्या आणि होल्डिंग करंट (पेशी ठरावीक व्होल्टेजला धरायला लागणारा करंट) बघा. तो सरकला किंवा रेषा जाड झाली, तर स्टॉकमध्ये मोकळं ग्लुटामेट आहे. ती अ‍ॅलिकॉट फेकून द्या. पैसे गेले म्हणून ती वापरत बसलात तर रिसेप्टर आधीच डिसेन्सिटाइझ (बधिर) झालेले असतात आणि पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

तिसरं: औषधं. १० मायक्रोमोलर एनबीक्यूएक्सने अ‍ॅम्पा रिसेप्टरांचा करंट जायला हवा. एनएमडीए भाग बघत असाल तर ५० मायक्रोमोलर एपीव्ही. दोन्ही औषधं घालूनही काही उरत असेल तर ते बहुधा ग्लुटामेट नव्हे.

चौथं: जागा. बिंदू एक, मग दोन मायक्रोमीटर बाजूला न्या. करंट झपाट्याने कोसळला पाहिजे. हा आलेख प्रत्येक रिगवर काढा आणि लॅबच्या भिंतीवर लावा.

पाचवं: पॉवर. टू-फोटॉनमध्ये पॉवर दुप्पट केली की सुटणारं ग्लुटामेट चौपट होतं. खालच्या टप्प्यात दोन्ही अक्ष लॉगवर घेतले की उतार २ च्या जवळ यायला हवा. वरच्या टप्प्यात रिसेप्टर भरतात आणि रेषा वाकते. ती अचानक वर उसळली, तर भाजणं सुरू झालं आहे.

आता संयुगाचा तो उपद्व्याप. मिलिमोलर संहतीला एमएनआय-ग्लुटामेट गाबा-ए रिसेप्टर अडवतं, प्रकाश नसतानासुद्धा. म्हणजे स्लाइसमधला ब्रेक निघतो आणि फिटसारखे झटके दिसायला लागतात. १ मायक्रोमोलर टीटीएक्स घातलं की झटके थांबतात आणि एकेका स्पाइनचा प्रयोग निर्धोक होतो. पण तुमचा प्रश्नच इन्हिबिशनचा असेल, तर टीटीएक्स घालून तो सुटत नाही. रुबि-ग्लुटामेटही यातून पूर्ण सुटलेलं नाही, फक्त संहती कमी असल्याने त्रास कमी. वापरताय त्याच संहतीला, अंधारात, गाबाचा करंट किती उरतो हे स्वतः मोजा. हा कंट्रोल प्रस्तावात आधीच लिहून ठेवलात तर परीक्षकांचा एक प्रश्न कमी होतो.

११. स्पाइन वाढवून बघायचा असेल तर

एका स्पाइनवर वारंवार ग्लुटामेट सोडलं की तो फुगतो, हे मात्सुझाकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं. लहान स्पाइन फुगतात आणि तसेच राहतात, मोठे थोडा वेळ फुगून परत येतात. म्हणून सुरुवात लहान, सडपातळ स्पाइनपासून करा.

बाथ बदलतो: मॅग्नेशियम काढा, कॅल्शियम ४ मिलिमोलर करा, टीटीएक्स १ मायक्रोमोलर ठेवा. मॅग्नेशियम काढून टीटीएक्स विसरलात तर स्लाइस हातची गेली समजा. प्रचलित पद्धतीत ०.५ हर्ट्झने ३० पल्स देतात, आणि ते नेहमीपेक्षा लांब, सुमारे ४ मिलिसेकंदांचे. होल-सेल पॅच करून बराच वेळ घालवला असेल तर पेशीतले घटक पिपेटमध्ये वाहून जातात आणि स्पाइन टिकून वाढत नाही. त्यामुळे या प्रयोगाला पॅच न करता जीएफपी असलेली पेशी घेतलेली बरी. शेजारच्या, न चेतवलेल्या स्पाइनचंही आकारमान प्रत्येक वेळी मोजा. तोही फुगत असेल तर ती पेशीची सूज आहे, प्लॅस्टिसिटी नव्हे.

१२. काहीच होत नसेल तर

याच क्रमाने बघा: शटर उघडतंय का, पॉकेल्स सेलला सिग्नल पोचतोय का, दोन झोत जुळलेत का, द्रावण खरंच चेंबरपर्यंत आलंय का. पंपाच्या नळीत अडकलेला बुडबुडा हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. शेवटी स्टॉकवर संशय घ्या. करंट मिळत होता आणि तासाभरात निम्मा झाला, तर आधी सीरिज रेझिस्टन्स, मग बिंदूची जागा. डेंड्राइट हळूहळू सरकत असतो, म्हणून दर काही पल्सनंतर नवं चित्र घेऊन नेम पुन्हा धरावा लागतो.

पल्सच्या जागी अचानक लख्ख ठिपका दिसला आणि तो गेला नाही, किंवा डेंड्राइटवर मण्यांसारखे फुगवटे आले, तर ती पेशी संपली. पॉवर एक पायरी खाली आणून दुसरी पेशी शोधा.

१३. दिवस संपताना

फिरवलेलं द्रावण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचा मोह होतो. त्यात सुटलेलं ग्लुटामेट, टीटीएक्स आणि स्लाइसमधून आलेला कचरा असतो. त्याच दिवशीच्या पुढच्या स्लाइसला ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून वापरा, त्यापुढे नाही. टीटीएक्स असलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, संस्थेच्या विषारी कचऱ्याच्या बाटलीत टाका आणि बाटलीवर तारीख घाला. नळ्या आधी पाण्याने, मग सौम्य इथेनॉलने, मग पुन्हा भरपूर पाण्याने धुवा. रिग दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर त्यालाही सांगून जा, कारण नळीत उरलेल्या टीटीएक्सने उद्या त्याच्या पेशी स्पाइक करणार नाहीत आणि तो दिवसभर पेशींना दोष देत बसेल.